सोबतीला कोण

॥ श्री ॥
पूर्णा, कार्तिक शु. ५, शके १८६१

ती. सौ. अक्काच्या चरणी बालक बन्सीधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊजींनी आपल्या सटवादादाला माझ्या हवाली केलं, त्याच दिवशी परभणीस दवाखान्यात नेलं. मांडीचं गळू डॉक्टरांनी चिरलं. दहा-बारा दिवस रोज जखम धुवावी लागेल. मला मालधक्क्यावरून रजा नाही, म्हणून मी परतलो. तिथं सगळी व्यवस्था आहे. तुला बाळंत होऊन दोनच महिने झालेत, धावत जाऊ नकोस. चाळिशी आली तरी दादा लेकरासारखा; बसवू तिथं बसतो.

माणिकरावांकडचं स्थळ जवळजवळ पक्कं झालं. आता करत बस माझी थट्टा!

बाळाला पापा. अशीच माया राहू दे.

बन्सी

॥ श्री ॥
ताडकळस, कार्तिक शु. ११

चि. बन्सीधरास दगडाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

आश्रुबा मास्तरांना म्हणलं, मी बोलते तसंच लिव्हा.

तू नको म्हणलास तरी लेकराला घेऊन मी गेले. दादाचे दोन्ही हात खाटंला बांधलेले. सारखी पट्टी सोडायलाय म्हणून बांधले, असं नर्सबाई म्हणली. तिचा काय दोष? हात लावायच्या आधी ह्याला सांगावं लागतं, हे तिला कुणी बोललंच न्हाई. जेव म्हणल्याबिगर तो जेवत न्हाई, हे तुला ठावं हाय की! ताट यायचं तसंच जायचं. जेवलास का म्हणलं की हो म्हणतो, दुखतंय का म्हणलं की न्हाई म्हणतो. दुखलं की उपरण्याचं टोक चावतो, हे मी बाईला दाखवलं. तिनं समदं ऐकलं, लगेच हात सोडले.

मग तिनं इचारलं, तुमी ह्याच्या मालकाच्या घरच्या का? मला कळंना. आणून सोडणारे म्हणले, हा आमचा सालगडी, ह्याला मागंपुढं कुणी न्हाई, असं ती सांगायली. मी दादाला इचारलं, बन्सी तुझा कोण? लय भिऊन इकडंतिकडं बघितलं अन् म्हणला, मालक. बन्सीनं तसंच म्हणायला सांगितलंय म्हणला.

लेकराला ताप भरला म्हणून मला तिसऱ्या दिशी परतावं लागलं. हे लिव्हताना मास्तरांनी दोनदा लेखणी खाली ठेवली. मी रागं भरत न्हाई. तू जा.

थोरलीची माया आटायची न्हाई, येवढं ध्यानात ठेव.

दगडाबाई

॥ श्री ॥
परभणी, कार्तिक व. ३

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मालधक्क्यावर वाचलं आणि तसाच गाडीत बसलो. रजेचा अर्ज नंतर धाडला.

खुलासा करायला तोंड नाही, तरी लिहितो. दादाला दाखल करताना माणिकराव तिथंच होते, कुणा नातलगाला बघायला आलेले. दादाची लाळ गळत होती, त्यानं माझा सदरा घट्ट धरला होता. हा कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गडी निघून गेलं. मग तेच नर्सबाईलाही सांगितलं. दादाला बाजूला नेऊन शिकवलं, मला मालक म्हण. त्यानं तीनदा म्हणून दाखवलं. मी शाबास म्हणालो. अक्का, त्या शाबासकीनं तो हसला गं.

आज चार दिवस मी त्याच्या खाटेपाशीच आहे. आधी कात्री दाखवतो, आता पाणी गार लागेल म्हणतो, समोर बसून जेव म्हणतो. नर्सबाईला खरं सांगितलं. तिनं कागदावरचं खोडून भाऊ लिहिलं. माणिकरावांनाही पत्र टाकलंय. उत्तर नाही, येईल असं वाटतही नाही.

दादाच्या मनातलं मात्र खोडता येत नाही. मी तुझा बन्सी म्हणालो की तो मान हलवतो आणि कुणी ऐकलं का ते बघतो. मी शिकवलेलं खोटं तो किती इमानानं सांभाळतोय!

काल जखम धुताना फार आग झाली. दातांतलं उपरणं सुटलं. त्यानं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, मालक, रडू का?

मी म्हणालो, रड दादा. तो मोठ्यानं रडला. सगळा वॉर्ड बघत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो.

परवा सोडतील, मग त्याला घेऊन येतो. माझ्यावरची माया कमी झाली तरी सोशीन, तोडू मात्र नकोस.

सटवाजीचा धाकटा भाऊ,
बन्सीधर