ओल्डासाहेबांची सही

रास लफान, कतार
१२ मार्च २००१

ती. सुहासिनीताईस,
सा. न. वि. वि.

करार जानेवारीतच संपला, तरी मी इथेच. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि कंपनीच्या परवान्याशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नाही. आईला सांग, तब्येत ठणठणीत आहे.

आता खरं सांगतो. आपल्या गल्लीतला नंदू परांचीवरून पडला, कंबर मोडली. त्या दिवशी आम्हा कुणालाच सेफ्टीचे पट्टे दिले नव्हते. मी शेजारीच वेल्डिंग करत होतो. मॅनेजर म्हणतो, नंदूने पट्टा स्वतःच काढला असं लिहून सही कर आणि घरी जा. मी टाळतोय.

आमचे सेफ्टी ऑफिसर ओल्डासाहेब मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे आहेत. तरुणपणी ते ‘बंद गिरणी’ नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे. कंपनीच्या बसमध्ये रोज थोडं थोडं सांगतात. कम्युनिस्ट सरकारचा हुकूम होता की केस कापा, इंग्रजी गाणी बंद करा, कमिटीपुढे परीक्षा द्या. हे नापास! मग लग्नाला परवाना लागत नाही म्हणून लग्नांत वाजवू लागले. एकाच मैत्रिणीचं लग्न म्हणे तीनदा लावलं.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझा सुदाम

विटे
२६ मार्च २००१

चि. सुदामास,
अ. उ. आ.

आईला पत्र वाचून दाखवताना नंदूचा भाग गाळला. ती कमिटी इकडे पाठव, आपल्या गल्लीतला ऑर्केस्ट्रा पहिल्याच फेरीत गळेल.

पण सुदाम, तू सही कर आणि ये. शाळेत बाईंनी सोनमला विचारलं, बाबा कुठे राहतात. तुझी लेक म्हणाली, विमानात. नंदूचं व्हायचं ते झालं. तुझ्या सहीने त्याची कंबर आणखी मोडणार नाही. मोठी आहे म्हणून हा वाईटपणा मी घेते.

वाट पाहणारी,
सुहासिनीताई

रास लफान
३० एप्रिल २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं मी ओल्डासाहेबांना सांगितलं.  मग ते शहात्तर सालचं बोलले. एका खेड्यात, धान्याच्या कोठारात लग्न होतं. बँड वाजत असताना पोलिसांनी वेढा घातला. ड्रम वाजवणाऱ्या लुबोशने लोकांना सरकारविरुद्ध भडकवलं, असं लिहिलेला कागद साहेबांपुढे ठेवला. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा तोंडावर होती. त्यांनी सही केली. लुबोशला दीड वर्ष तुरुंगवास झाला.

एकोणनव्वदला सरकार पडलं आणि ‘बंद गिरणी’ गावच्या चौकात उघड वाजली. साहेब गर्दीत मागे उभे होते, गाणं संपायच्या आत निघून गेले. पासपोर्ट खिशात असून अकरा वर्षं त्यांना गावी जाता आलेलं नाही.

ताई, मी सही केली नाही. मॅनेजर म्हणाला, मग राहा इथेच. साहेबांनी मात्र लेबर ऑफिसात स्वतः लिहून दिलं की पट्टे आलेच नव्हते, आणि काम थांबवायला हवं होतं ते आपणही थांबवलं नाही. दोन दिवसांत त्यांना काढून विमानात बसवलं. पण नंदूचा दोष नाही, असं ठरलं. त्याला उपचारासाठी मुंबईला पाठवताहेत.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा सुदाम

विटे
१० जून २००१

चि. सुदामास,
अ. उ. आ.

ऑपरेशन होऊन नंदू घरी आला. कुबड्यांवर दारापर्यंत येतो. त्याची आई फुलाबाई काल आली, माझ्या पदरात शेवग्याच्या शेंगा टाकल्या आणि तुझं नाव घेऊन रडली. मी तुला काय लिहिलं होतं ते तिला ठाऊक नाही. मला मान वर करता येईना. माझं ते पत्र फाडून टाक. आईलाही सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की सुदामला जेवायला नीट मिळतं का ते विचार.

तुझीच,
सुहासिनीताई

रास लफान
१९ ऑगस्ट २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. तुझ्या जागी मी असतो तर तेच लिहिलं असतं. जेवण ठीक आहे, आईला सांग. परवाना मात्र नाही. मॅनेजर पुढचा आठवडा म्हणतो, लेबर ऑफिसवाले इन्शाल्ला म्हणतात.

ओल्डासाहेबांचं कार्ड आलं. ते लुबोशच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, ओळखलं. आत ये म्हणाला नाही, पण दारही लावलं नाही. दोघे तसेच उभे राहिले, मग साहेब परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार होते.

मीही उद्या पुन्हा लेबर ऑफिसात जातोय.

सर्वांना आठवणीत ठेवणारा,
सुदाम