दबोरा कोण होती, या प्रश्नाच्या उत्तराबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
धर्मशास्त्र महाविद्यालय,
तळमजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : 'न्यायाधीश' हे उत्तर बरोबर धरून विद्यार्थिनीचा निकाल दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांची न आलेली उत्तरे.

महोदय,

१. मी या महाविद्यालयात हिब्रू भाषा आणि 'बायबलच्या जुन्या व नव्या करारातील स्त्रिया' हा विषय शिकवते, हे आपणास ठाऊक असावे. अंतिम परीक्षेत 'दबोरा कोण होती?' असा प्रश्न होता. माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने लिहिले, की ती देवाचा संदेश सांगणारी संदेष्ट्री होती, इस्राएलची न्यायाधीश होती आणि खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे तोडत असे. तिला शून्य मिळाले. परीक्षा समितीच्या नमुना उत्तरात 'लप्पीदोथाची बायको' एवढेच आहे. त्या शून्यापायी मुलगी नापास झाली. मी यंदा निवृत्त होत असून माझ्या जागेसाठी येत्या सोमवारी मुलाखती आहेत. नापासाला तिथे बोलावणे नसते. जागा मिळेल ती 'बायको' लिहून पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला. हिब्रू उजवीकडून वाचायची की डावीकडून, हे त्याला अजून आठवावे लागते.

२. समितीने मला सुनावणीला बोलावले, याबद्दल आभार. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पद काय, येतं नि जातं. नवरा कायमचा असतो." सर्व सभासदांनी माना डोलावल्या. या माना कशालाही डोलतात, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतले नाही. मात्र कायमचा म्हटलेला हा लप्पीदोथ संपूर्ण शास्त्रात एकदाच येतो आणि काहीही न करता निघून जातो. काही अभ्यासकांच्या मते ते माणसाचे नावच नव्हे. मूळ शब्दांचा अर्थ 'मशालींची बाई' असाही होतो. म्हणजे समितीने ज्याच्या नावावर गुण वाटले, तो गृहस्थ होता की नव्हता याचाच पत्ता नाही. उलट बाराक नावाचा सेनापती तिला सांगतो, की तू बरोबर येत असशील तरच मी लढाईला जातो. 'तुझ्या यजमानांना पाठव' असे तो म्हणाल्याची नोंद मला सापडली नाही. समितीला सापडल्यास कळवावे.

३. त्यानंतर समितीने सुचवले, की माझ्या म्हणण्याला एखाद्या ज्येष्ठ पुरुष विद्वानाचा दुजोरा जोडावा. शास्त्रातच नोंद आहे, की मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा देवाची इच्छा काय ते विचारायला मुख्य याजक आणि राजाचा चिटणीस हुल्दा नावाच्या बाईच्या दारात गेले. दाढ्या त्यांनाही होत्या. पण स्वतःला कळत नाही, एवढे त्यांना कळत होते. आपल्या समितीकडून तेवढीही अपेक्षा ठेवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मी मान्य करते.

४. आपण माझे यजमान आहात, ही बाब अर्जात आणायची नव्हती. परंतु पहिला अर्ज दिला तेव्हा आपण आवक क्रमांक टाकण्याआधीच म्हणालात, "अगं, हे घरी बोलू." घरी विषय काढला तेव्हा मोजे काढता काढता म्हणालात, "ऑफिसचं ऑफिसात." दुसऱ्या अर्जाचेही हेच झाले. सबब माझे दोन्ही अर्ज घर आणि कार्यालय यांच्या दरम्यान रस्त्यात कुठेतरी असावेत. शिपायाला शोधायला पाठवावे.

५. सुनावणीचे पत्र मला भर वर्गात मिळाले. लिफाफ्यावर 'परीक्षा नियंत्रकांच्या पत्नी यांस' असे टाइप केले होते. हुद्दा नाही, विषय नाही. नापास झालेली ती मुलगी फेरपरीक्षेच्या तयारीसाठी पुन्हा पहिल्या बाकावर होती. तिने ते वाचले. ती हसली असती तर मला सोपे गेले असते. ती माझ्याकडे पाहून मान खाली घालून बसली, आणि मला फार लाज वाटली.

६. तरी तिचे गुण देऊन सोमवारपूर्वी निकाल दुरुस्त करावा. निर्णय होईपर्यंत मी घरी आपल्याशी या विषयावर बोलणार नाही आणि कार्यालयात दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलणार नाही. जेवणाची व्यवस्था हा दुसरा विषय समजावा.

७. शेवटची बाब नियमात बसत नाही, तरी नोंदवते. आपले लग्न ठरण्यापूर्वी याच इमारतीच्या वाचनालयात आपण मला 'दबोरा' म्हणून हाक मारत असा. त्या हाकेवर मी आपल्याला होकार दिला. त्या नावाचा अर्थ मी इतकी वर्षे माझ्या समजुतीप्रमाणे लावत आले. समितीचे नमुना उत्तर आपल्या हस्ताक्षरात आहे. ते वाचल्यावर आपल्याला काय म्हणायचे होते ते कळले.

आपली, नियमापुरती नम्र,
(सही)
व्याख्याता, हिब्रू भाषा

दिनांक : निकालानंतरचा दुसरा गुरुवार

सोबत :
१. विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेची प्रत.
२. आपल्या हस्ताक्षरातील नमुना उत्तर.
३. वर नमूद केलेला लिफाफा.
४. 'शास्ते' या बायबलमधील न्यायाधीशांच्या पुस्तकाचा अध्याय चौथा. समितीने वाचून परत करावा.