नाव वाचायचं, आकडा नाही

अण्णा, काल दुपारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात माझा डोळा लागला आणि तुमचा आवाज ऐकू आला. लिंबावर बांधलेल्या भोंग्यातून निघून, शेतांवरून तरंगत, ओढ्यापलीकडं जाऊन परत येणारा. गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर पुकारायला तुम्हीच असायचात. वहीतलं नाव वाचायचं, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "यांचा मानाचा आहेर पोचला." बाकीच्या गावांत रुपयेही पुकारतात. तुम्ही कधी पुकारले नाहीत. कुणी दहा दिलेले असोत की हजार, सूर तोच. मोठ्या घरच्या पाहुण्यांना ते खटकायचं, पण तुमच्यापुढं बोलणार कोण?

त्या झोपेत मी पुन्हा नऊ वर्षांची आहे, एका लग्नाच्या मांडवात. तुम्ही पाणी प्यायला उठलात, वही उघडी आहे, माईक चालू आहे. मला वाटतं, आकडे वाचायचे अण्णा विसरूनच जातात. म्हणून मी आकड्यांसकट वाचायला लागते. वस्तीवरच्या मावशींचं नाव येतं आणि त्यांचे दहा रुपये मी खणखणीत आवाजात पुकारते. मांडव हसतो. मावशी पदर सावरत उठतात आणि न जेवता निघून जातात. तुम्ही मला मारलं नाहीत. माईक काढून घेतलात आणि एवढंच म्हणालात, "नाव वाचायचं, आकडा न्हाई. आकडा ज्याचा त्याला ठावं." त्यानंतर माईकला हात लावू दिला नाहीत. कितीतरी दिवस मला तुमचा रागच होता, खोटं कशाला सांगू.

यंदा त्याच मावशींचा मुलगा बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवर चढताना पाय निसटला. पाठीचा कणा मोडला, कमरेखालचं अंग गेलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच कोयता मोजतात, एकटीला काम नाही. तो पडला तशी तीही घरी बसली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने इथं राहून रोज व्यायाम करून घेतला तर तो निदान उठून बसेल, चाकाच्या खुर्चीवर फिरेल. नाहीतर जन्मभर खाट. तीन महिन्यांचा खर्च त्या घरात कुठून यायचा? मी मनावर घेतलं. आता गावच्या शाळेत मीच बाई आहे, माझा शब्द कोण मोडतंय, हा तोरा होताच. खाटेवर पडलेल्या त्याचा फोटो काढला, खाली माझ्या खात्याचा नंबर टाकला आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडला. जो देईल त्याचं नाव आणि रक्कम रोज यादीत वाढवत गेले. यादी बघून माणसं चढाओढीनं देऊ लागली. मला वाटलं, अण्णांपेक्षा आपली रीत बरी.

पैसे घेऊन वस्तीवर गेले तर त्याच्या बायकोनं दारातच थांबवलं. फोटो फिरत फिरत कडा गावी, तिच्या माहेरी पोचला होता. आवाज न चढवता ती म्हणाली, "बाई, पैशे माघारी द्या. माज्या भावाला लोक इचारतेत, तुजा दाजी भीक मागतो का म्हून. ह्यांनी दोन दिस भाकर खाल्ली न्हाई." आत त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं. मला फार लाज वाटली, अण्णा. पुन्हा त्या मांडवात उभी होते मी.

वाट काढली ती मावशींनी. चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, "नातवाचं जावळ ऱ्हायलंय. जावळ करू. आहेर आला तर घेऊ. आहेर फेडता येतो, पोरी. भीक कशी फेडावी?" सुनेनं मान डोलावली. मी ज्याचे त्याचे पैसे परत केले आणि प्रत्येक दारात जाऊन जावळाचं आवतन दिलं.

गेल्या रविवारी जावळ झालं. दुपार आहे, लिंबाची सावली अंगणभर हलते आहे. त्याला खाटेवर उशांना टेकवून बसवलंय, डोक्याला फेटा. बाळ मामाच्या मांडीवर आहे, तोच कड्याचा भाऊ. कात्री चालते तसे मऊ केस त्याच्या नव्या धोतरावर पडतात. तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडलेला तुमचाच भोंगा मी काढून आणलाय. मावशी माईक माझ्या हातात देतात. "वाच," म्हणतात, "तुजा बाप वाचायचा तसं." म्हणजे त्या काही विसरलेल्या नाहीत. मी नाव वाचते, थांबते, मानाचा आहेर पोचला म्हणते. एका पुढाऱ्याचा माणूस पाकीट नाचवत दोनदा कानाशी येऊन आकडा सांगून जातो. मी पुढचं नाव वाचते. खाटेवरचा तो प्रत्येक नावाला हात जोडतो. आवाज माझा आहे की तुमचा, मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते बीडला गेले. आलेल्या आहेरात तीन महिन्यांचं भागेल.

हे पत्र माईकच्या पेटीत ठेवून देईन. मावशींची माफी अजून मागितलेली नाही, तेवढा धीर झाला नाही. आणि एक सांगते. ती यादी मी ग्रुपवरून काढली, माझ्या मोबाईलमधून नाही. अधूनमधून उघडून बघते. सगळ्यात वरचं नाव माझं आहे, आणि त्यापुढं आकडा.