एका दिवसाची ज्येष्ठता

प्रिय सुजाता,

काल मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मंगलबाईंनी अख्खी नोकरी सदाशिव पेठेतल्या या एकाच शाळेत केली." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून नारळ घेतला. ते कौतुक तुझं होतं गं! तू जाऊन वर्ष झालं, आणि मला लिहायचं आज सुचतंय.

आपल्या नेमणुकीची पत्रं एकदमच आली होती, आठवतं? रुजू व्हायच्या दिवशी सकाळी माझा अमेय तापाने फणफणला. जेमतेम वर्षाचा. मी रडायलाच लागले, तर तू त्याच्याजवळ बसकण मारलीस. "जा, तू सही करून ये. मी उद्या रुजू होते. जन्मभराची नोकरी आहे, एका दिवसात पळून जाते की काय!"

दोन वर्षांनी आपण दोघी कायम झालो, तेव्हा पेढेही एकाच पुड्यातून वाटले.

पुढे कॉम्प्युटरची हवा आली. जो तो मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागला. पट टिकावा म्हणून आपण मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरायचो. मी दारोदार मराठी शाळेचे गोडवे गायचे, आणि अमेयला मात्र इंग्रजी शाळेत घातलं होतं! तू एकदाच म्हणालीस, "प्रवचन छान करता हं, बाई."

मग पाचवीची एक तुकडी बंद झाली. दोन मुलं कमी पडली. अमेय त्या वर्षी पाचवीतच होता. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, सेवाज्येष्ठतेच्या यादीतला शेवटचा. आपल्यानंतर कुणाची भरतीच झाली नव्हती. शेवटचं नाव तुझं, त्याच्या वरचं माझं. एका दिवसाने!

"कुणी आपणहून जायला तयार आहे का?" तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी विचारलं. मी काय केलं? वह्या तपासत राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पेनाला टोपण लावलंस. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

तुझी नोकरी राहिली, पगार राहिला, शाळा गेली. हडपसरच्या पलीकडच्या शाळेत, दोन बस बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी तू शेवटच्या आजारापर्यंत जात राहिलीस. भेटलीस की अमेयचीच चौकशी. एकदा तरी भांडायचं होतंस गं!

अमेय आता हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. त्या दिवशी त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कुणी ठेवल्या, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आज तो जेवायला येणार आहे. त्याला सगळं सांगेन, माझ्या त्या वह्यांसकट. उद्यावर ढकलणार नाही. एका दिवसाने काय होतं, ते मला ठाऊक आहे.

तुझ्या वरच्या ओळीतली,
मंगल