दोन घरांचं मशीन

१६ सप्टें., मंगळ. ताडकळस.
गाड्या धुवायचं प्रेशर मशीन अंकुशकडून आलं. आता पंधरवडा आपला. स्कूटरवर चुडाव्याच्या रस्त्याचा निम्मा चिखल. त्या रस्त्याचीच बातमी करून आलो, पुरावा अंगावर. नळी लावली, पाणी सोडलं, बटण दाबलं. मशीन नुसतं 'हूंऽऽ' म्हणालं. फिरेना. तपाला बसलेल्या ऋषीसारखं. सौ. म्हणाली, "तुमच्यावानीच झालंय. आवाज लय, काम न्हाई."
स्कूटर बादलीने धुतली.

१७, बुध.
भिंतीवरून अंकुशला हाक मारली. धाकटा भाऊ असला तरी यंत्रांचा विषय त्याचाच. मी पाठशाळेत संस्कृतचे धातू चालवत होतो तेव्हा तो मोटारी खोलत होता. त्याने कान लावून ऐकलं. "व्होल्टेज लो हाय दादा. पावसाचे दिस हायेत." संध्याकाळी व्होल्टेज आलं. तेच हूं.
मशीन बिघडलं तर बिघडलं, पण हे बिघडू नये. वाटणीत शेत, गोठा, आईच्या पाटल्या, सगळं दोन झालं. भांडण नाही, आवाज नाही. मग या उन्हाळ्यात दोघांनी मिळून ही एक वस्तू घेतली. कल्पना त्याचीच. "एक तरी चीज दोघांत राहू द्या दादा. येनंजानं राहतंय." म्हणून पंधरवडा त्याचा, पंधरवडा माझा.

१९, शुक्र.
अंकुश पुन्हा. आज दोष एक्स्टेन्शनच्या वायरचा. "बारीक हाय, लोड घेईना." जाड वायर लावली. हूं. मग पाणी शिरतं तिथली जाळी चोंदली असेल. काढली, दात घासायच्या ब्रशने घासली (सौ.ला सांगू नये). हूं. मग आत हवा अडकली असेल. तो गन दाबून उभा, मी बटणापाशी. शास्त्रचर्चेत खोडतात तसं एकेक कारण खोडत चाललोय. खरं सांगायचं तर मजा आली. वाटणीनंतर दोघं इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. अंकुशच्या बायकोने, सुमनने, भिंतीवरून चहा दिला.

२१, रवि. सर्वपित्री.
अंगण शेवाळलेलं. मशीनने धुवायचं ठरलं होतं, सौ.ने खराट्याने घासलं. तिच्या वतीने खराटा बोलत होता.
वडिलांचं, म्हणजे आण्णांचं पान अजून एकाच घरी वाढतो, इथे. अंकुश शेजारी जेवला. कावळा लगेच शिवला. "आण्णा खुश हायेत," म्हणाला. जाताना मशीनकडे बघून, "झरीचा एक मिस्त्री वळखीचा हाय, त्याला आनतो. तवर झाकन उघडू नका तुमी. करंट मारंल." काळजी आहे पोराला.
भांडी घासताना सौ. सहज बोलून गेली. मशीन आपल्याकडे आलं त्याच्या आदल्या दिवशी सुमनची बोअरची मोटार बंद होती, हंडे आपल्या नळावरून नेले. दुसऱ्या दिवशी चालू. "भावजींच्या हाताला गुन हाय."

२४, बुध.
झरीचा मिस्त्री उद्या येतो, परवा येतो. शेवटी प्लग काढून ठेवला आणि झाकण मीच उघडलं. आत कंडेन्सर, काळी डबी, पोट फुगलेलं. कंडेन्सर गेला की मोटार नुसती हूं करते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग मला इतके दिवस का सुचलं नाही? अंकुश सांगत होता म्हणून. आपल्या माणसाचा शब्द प्रमाण मानावा, एवढं शास्त्र आम्ही मन लावून शिकलो.
डबी उलटी केली. पाठीवर कुंकवाचा ठिपका, त्याखाली हळदीचं तिरकं बोट. वाळलेलं.
मशीन उन्हाळ्यातलं. त्याने अजून एकही खंडेनवमी पाहिलेली नाही.
गेल्या खंडेनवमीला अंकुशच्या बोअरच्या मोटारीची पेटी उघडून आतल्या अशाच डबीला मीच टिळा लावला होता. ठिपका वर, बोट खाली तिरकं. आण्णांची रीत. गावात दुसरं कोणी असा लावत नाही.
झाकण परत लावलं.

२५, गुरु.
भिंतीपलीकडे मोटार चालू. बसून ऐकली. मशीनचा चांगला कंडेन्सर तिकडे पाणी ओढतोय, त्यांचा मेलेला इकडे हुंकार देतोय.
मागितला असता तर काढून हातात दिला असता. डबीचं काही नाही. पण माझ्यासोबत गन धरून उभा राहिला. मी जाळी घासत होतो तर वरून पाणी ओतत होता. आण्णांच्या पानाशेजारी बसून
असो.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, "इचारू नका. ते न्हाई म्हनले तर मंग काय करनार तुमी?"
बरोबर आहे. मग काय करणार.

२८, रवि.
अंकुश आला. नवं निदान. पंप जाम असेल. असेल, म्हणालो. खोटं किती निगुतीने बोलतो. आमच्या धंद्यात असता तर जिल्ह्याचं पान एकट्याने सांभाळलं असतं.
"दादा, आज गप का?"
"व्होल्टेज लो आहे," म्हणालो.
हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू राहिलं नाही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
थोरला म्हणून दोन्ही घरची पूजा माझ्याकडे. निघण्याआधी मशीनमधली ती डबी काढून उपरण्यात गुंडाळली. अंकुशच्या ओसरीत विळे, कुऱ्हाड, नटबोल्टचे पाने, फवारणीचा पंप मांडलेले. मोटारीच्या पेटीकडे वळलो तर तो आडवा आला. "तिथं राहू द्या दादा. लाईन चालू हाय."
बरं, म्हणालो. डबी काढली, विळ्यांच्या रांगेत ठेवली. जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका, खाली तिरकं बोट. फूल वाहिलं. मंत्र म्हटला. सुमन आत निघून गेली. अंकुश हात जोडून डबीकडे बघत उभा. डबी तिथेच ठेवून निघालो.
माझ्या मागोमाग दारापर्यंत आला. "मशीन नेतो दादा. आजपासून पाळी माझी हाय."
"ने."

२, गुरु. दसरा.
सोनं द्यायला दरवर्षी अंकुश पहिला. आज सुमन एकटी. "हे परभनीला गेलेत, कायतरी आनायला." दसऱ्याला कुठलं दुकान उघडं असतं, विचारलं नाही.
दिवसभर पलीकडे मोटार वाजली नाही. सुमनने हंडा आणला होता. सौ.ने भरून दिला, वर डोक्यावर चढवूनही दिला.

३, शुक्र.
सकाळी मशीन आमच्या दारात. ठेवताना कोणी पाहिलं नाही. वायर कासऱ्यासारखी गुंडाळलेली, म्हणजे अंकुशचा हात. हँडलला आपट्याची डहाळी खोचलेली. झाकणाचे स्क्रू घट्ट. त्याची पाळी तर आत्ताच सुरू झाली होती.
नळी लावली, प्लग लावला, पाणी सोडलं. सौ. उंबऱ्यात उभी. भिंतीपलीकडे कोणी खोकलं. ओळखीचा खोकला, गेला नाही, तिथेच आहे.
बटण अजून दाबलेलं नाही. आधी हे लिहून घेतो.