कोकिळेच्या आधी मासे न्यावेत

मी, शैलजा मार्तंड मानकर, वय चव्वेचाळीस, शिक्षिका, राहणार वरवट बकाल, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुरत्या शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहिते. पुढल्या आठवड्यात अकोल्याला माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. पती वारले आहेत. मागे दहा वर्षांची मुलगी कोकिळा आणि सासूबाई गोजरबाई आहेत.

१. राहते घर सासूबाईंचे, त्यांच्यानंतर कोकिळेचे. "मले काय करायचं घर?" असे त्या म्हणतील. ते ऐकू नये.

२. पोस्टातली शिल्लक व माझ्या पाटल्या कोकिळेच्या.

३. काचेची पेटी. हिवतापवाल्यांनी आमच्या खाऱ्या विहिरीत सोडलेल्या गप्पी माशांपैकी काही तीत आहेत. उन्हाने पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून तूट भरताना रांजणातले पावसाचे पाणी लाल खुणेपर्यंतच घालावे. पाणी बदलायचे तर पाव हिस्सा, तेही आमच्याच विहिरीचे. तळचे चुनखडीचे खडे मळके दिसले तरी काढू नयेत; पाणी त्यांच्यामुळे ठिकाणावर राहते.

४. माझा धाकटा भाऊ रमाकांत, राहणार धाड, याच्यावर माझा एक राग होता. गेल्या दिवाळीत त्याने आमच्या माहेरच्या विहिरीचे पाणी डब्यांतून आणले आणि मी घरात नसताना पेटीतले सारे पाणी बदलले. "ताई, या बिचाऱ्यांले तरी गोड पाणी पिऊ दे!" सकाळी बहुतेक मासे उलटे तरंगत होते. सासूबाई म्हणाल्या, "मामानं असा पाहुनचार केला, का पाहुने उठलेच नाईत." तो पेटीपुढे बसून रडला. तो राग मी आज सोडते.

५. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा इथले पाणी घशाखाली उतरेना. वडिलांनी पाठवणीत दोन कळशा पाणी दिले होते. सासूबाईंनी ते पुरवून पुरवून वापरले. "काऊन रडतं व माय? आज चार घोट तुह्या गावचं, एक आमचं. येकदम पेशीन त पोट धरून बसशीन." त्या कळशा कधी संपल्या, मला कळलेही नाही.

६. कोकिळेचा पालक रमाकांत. माझे काही बरेवाईट झाले तर तो त्याच दिवशी जीप घेऊन येईल आणि तिला उचलून नेईल. त्याचा जीवच तसा आहे. पण तसे करू नये. आधी त्याने पेटी न्यावी. ती मी त्यालाच देते. सोबत इथले पाणी न्यावे, रोज थोडे धाडचे मिसळावे, घाई करू नये. तोवर कोकिळा आजीजवळ राहील व सुट्टीत मामाकडे जाऊन येईल. धाडच्या पाण्यात मासे खेळू लागले, की सासूबाईंनी एकदा जाऊन पाहावे. त्यांनी "हाव" म्हटल्यावरच कोकिळेला न्यावे.

सही: शैलजा मार्तंड मानकर
वरवट बकाल, १२ फेब्रुवारी १९६६

शैलजाबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली:
शेषराव तुकाराम वानखडे, शेजारी
पुष्पाबाई किसनराव तायडे, सहशिक्षिका