लाईनीवरचा हरभरा

१७ नोव्हेंबर, सोमवार

लाईन नांगरली. शनिवारी दुपारी मी तिथूनच सायकलवर घरी आले होते. आज सकाळी मोरी ओलांडली तर पुढं नुसती ढेकळं. सत्तर पावलं मोजली. सायकल ढकलत, साडीचा काठ मातीत. शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर, मुलं दारात बसलेली.

इतका राग आलाय की अक्षर बिघडतंय.

छोट्या रेल्वेचे रूळ उचलून नेले त्याला जमाना झाला. भराव तेवढा राहिला. सहा किलोमीटर, जंगलातून, तळ्याच्या कडेनं, थेट पलीकडच्या वस्तीवरच्या माझ्या शाळेपर्यंत. त्या गाडीला चढ झेपत नव्हता म्हणून तेव्हाच्या लोकांनी सगळं सपाट करून ठेवलं. माझ्या गुडघ्यांनाही तेवढंच झेपतं. डांबरी रस्त्यानं घाट आहे, तिथं बावन्नाव्या वर्षी सायकल मारणं आपल्याच्यानं होणार नाही. जंगल शाबूत, तळं शाबूत. गावाजवळ जिथं रानं सुरू होतात तेवढा तुकडा माणसांच्या हाताला लागला आणि तो त्यांनी गिळला.

१८ नोव्हें., मंगळवार

काशिनाथकाका त्या तुकड्याशेजारचं रान करतात, किती तरी वर्षं. आज मी त्यांना पारावर गाठलं आणि चार माणसांत सुनावलं. दरवर्षी नांगराचं एकेक तास लाईनीत सरकत होतं ते मी बघत होते, गप्प होते. आता सगळीच घेतली, लाज कशी वाटत नाही, वगैरे. वयाचा मान ठेवला नाही.  काका शेवटी एवढंच म्हणाले, "मला कशाला बोलताव बाई. घरी इचारा की."

घरी काय विचारायचं? उडवाउडवी.

१९ नोव्हें.

अर्धी रजा टाकून तहसीलला अर्ज दिला. पोच घेतली. म्हाताऱ्याचं नाव घालायचं टाळलं, 'लगतच्या जमीनधारकाने केलेले अतिक्रमण' असं लिहिलं. कारकून म्हणाला, मॅडम, अर्ज मुद्देसूद आहे. मनात खूश झाले.

२३ नोव्हें., रविवार

मंगळवारपासून ह्यांच्या गाडीवर मागं बसून घाटानं गेले. ह्यांना दुकान उघडायला उशीर होतो, म्हणून अंगणात उभं राहून हॉर्न. रोज. मी डबा भरतेय तरी हॉर्न.

सगळी नोकरी अशीच केली. आधी भावाच्या मागं, मग ह्यांच्या, मग दिराच्या पोराच्या. कुणाचं लग्न, कुणाचा ताप, कुणाचा पंक्चर टायर, त्यावर माझी हजेरी. या शाळेवर बदली झाली तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी सायकल शिकले, त्याच लाईनीवर, पडत पडत. गाव हसलं. हसू दे. पायडल मारायचं, दोन्ही बाजूंनी सीताफळीची झुडपं, मग उजव्या हाताला तळं उघडतं, बगळे, पाण्याचा वास, वानरं भरावावर बसलेली. घंटी वाजवली की नाइलाजानं उठतात. तीस-पस्तीस मिनिटं मी कुणाची कुणीच नसते. हेच पाहिजे मला. दुसरं काही मागितलेलं नाही कुणाकडं.

२७ नोव्हें.

सोमवारपासून परत लाईनीनं जातेय. ढेकळांत ढकलायची, पुढं जंगलात बसायचं. आज बघते तर हरभरा उगवलाय.

आता संपलं. नांगरलेल्यातून जाता येतं, उगवलेल्या पिकात पाय पडत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे ते, राग असला तरी पडत नाही. पेरणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. नांगरलं तर लोक भांडतात, उगवलं की वळसा घालतात. दोन हंगाम वळसा घातला की वळसाच रस्ता होतो. मीही घातला. काटेरी बाभळीतून, ओढ्यात उतरून. मागचं चाक पंक्चर झालं.

२ डिसें.

तलाठी आणि मोजणीवाले येऊन गेले म्हणे. मी शाळेत होते. ह्यांना सांगितलं, बघा, अर्जाचा उपयोग होतो. हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "होय का." बस, एवढंच.

८ डिसें., सोमवार

कोतवालानं शाळेत नोटीस आणून दिली. मला वाटलं अर्जाचं उत्तर.

अतिक्रमणधारक म्हणून माझं नाव. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. २२ तारखेला सुनावणी.

दोन वर्षांपूर्वी दादा, ह्यांचे थोरले भाऊ, म्हणाले होते, बाईंच्या नावावर रान घेऊ, बरं पडतं. रजिस्ट्रीला नेलं. फोटो, अंगठा, आणि 'इथं सही करा, इथं करा'. केल्या. मी समजत होते विहिरीकडचा तुकडा. घेतलेलं रान लाईनीशेजारचं, काशिनाथकाकांचं होतं, विकल्यावरही तेच बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करत राहिले, म्हणून मला ते त्यांचंच वाटायचं. नांगर लाईनीत घाला असं सांगणारे दादाच असणार.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "मला वाटलं तुला माहितीय."

कपाट उचकून खरेदीखत काढलं. चतुःसीमा: पूर्वेस रेल्वेची जुनी लाईन. स्वच्छ टाईप केलेलं. खाली माझी सही, वळणदार. प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं म्हणून तीस वर्षं पोरांचे कान धरले मी. माझा कुणी धरायचा?

९ डिसें.

काकांच्या घरी गेले. माझं चुकलं, असं सांगितलं. काका म्हणाले, "असू द्या बाई. दादांनी सांगितलं नांगर, म्या नांगरलं. बटईवाल्यानं न्हाय कसं म्हणावं." काकूंनी चहा केला. काका माझ्याकडं बघत नव्हते. पारावरचं बोलणं असं चहानं धुऊन निघत नाही.

१९ डिसें., शुक्रवार, येळवस (मार्गशीर्ष अमावस्या)

यंदा येळवस मुद्दाम त्याच रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पाहुणे वीस-पंचवीस. लाईनीवरचा हरभरा टीचभर झालाय. पोरं खुडून खात होती.

जेवणं झाल्यावर दादांनी खिशातून घडी काढली. "बाई, सोमवारी सुनावणी हाय. वकिलाकडनं लिहून आणलंय. एवढी सही करा."

वाचायला लागले तर म्हणतात, "वाचायचं काय त्यात. रान तुमच्याच नावावर हाय, फायदा तुमचाच."

वाचलं. सगळं. जागा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वहिवाटीत आहे. तिथं रस्ता कधी नव्हता. 'सदर जागेवरून कोणीही ये-जा करीत नाही.' खाली माझं नाव, सहीला रिकामी जागा.

म्हटलं, दादा, मी तीन वर्षं जातेय. म्हणाले, "लई मनावर घेऊ नका. लिहायची पद्धतच असती ती."

जाऊबाई आंबील वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. हे म्हणाले, "सणाचं नको आता." सणाचं नको, घरात नको, पाहुण्यांसमोर नको. मग कधी? कागद पिशवीत टाकला. सही केली नाही. नाही म्हणालेही नाही. याचाच संताप येतोय.

२१ डिसें., रविवार

शाळा नसताना सकाळी सायकल काढली. हे म्हणाले, कुठं. सांगितलं नाही.

मोरीपाशी थांबले. वळशाची पायवाट डावीकडं. सायकल सरळ हरभऱ्यात घातली. पायडल जड, निम्म्यात चाक रुतलं, उतरून ढकलली, पुन्हा बसले. रोपं मोडताना बारीक आवाज येतो.  पलीकडं गेले, तळ्यापर्यंत गेले, पाणी प्याले, आणि येताना परत त्यातूनच.

दादा बांधावर उभे होते. कुणी तरी फोन केला असणार. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाई, पिकावरून?"

मी म्हणाले, "माझ्याच नावावर आहे ना."

माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली. दादांनी वाकून एक मोडलेलं रोप उचललं, बघितलं, खिशात ठेवलं. तसेच निघून गेले. पीक मोडल्याची लाज वाटतेय. वाटतेच. राग तरी कमी झालेला नाही.

संध्याकाळी ह्यांनी दुकानातून आल्यावर विचारलं, सही झाली का. म्हटलं नाही. म्हणाले, उद्या गाडीवर सोडतो. म्हटलं नको, सायकलनं स्टँडवर जाते, तिथून एसटी.

अकराला सुनावणी. तक्रारदार हजर आहेत का, असा पुकारा होईल. मी उभी राहीन. मग अतिक्रमणधारक हजर आहेत का. तेव्हाही मीच. त्यानंतर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.